मॉडेल विमानासाठी फोम शीट कापणं: स्वच्छ कड, शाबूत बोटं

घरी बनवलेलं फोमचं विमान सरळ उडणार की एका अंगाला झुकत राहणार, याचा बराचसा निकाल मोटर बसवण्याच्या आधीच, कापायच्या टेबलावर लागलेला असतो. एका पंखाची कड सरळ उतरली आणि दुसऱ्याची तिरपी, की जोडताना फट राहते. फट बुजवायला जास्तीचा गोंद जातो, गोंदाने वजन वाढतं आणि तेही एकाच बाजूला. मग उडवताना ट्रिम देत, म्हणजे रिमोटवरून झुकाव सुधारत, बसावं लागतं.

फोम कापण्याबद्दल माझं ठाम मत एकच आहे: जोर लावावा लागत असेल तर थांबा, काहीतरी चुकतंय. थर्माकोलमध्ये सुमारे ९८ टक्के हवाच असते. त्याला ताकद लागत नाही, धार लागते. बोथट पातं फोम कापत नाही, फाडतं; आणि तेच पातं जोर लावला की पट्टीवर चढून बोटावर येतं. त्यामुळे स्वच्छ कापासाठी जी काळजी घ्यायची तीच बोटांसाठीही पुरते.

आधी फोम ओळखा

मॉडेल विमानांत साधारण चार प्रकारचे फोम येतात. पॅकिंगचा पांढरा थर्माकोल दाण्यादाण्यांचा असतो. दाणे सुटायला टपलेले असतात, म्हणून याला सर्वांत धारदार पातं किंवा गरम तार लागते. एक्सट्रूड केलेला पॉलिस्टायरीन, म्हणजे डेप्रॉनसारख्या ३ आणि ६ मिमीच्या शीट किंवा इन्सुलेशनचे निळे-गुलाबी ठोकळे, यात दाणे नसतात आणि काप सुरेख येतो. तिसरा फोम बोर्ड: बहुधा ५ मिमी जाड, दोन्ही बाजूंना कागद. चौथा ईपीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचा फोम. हा आपटला तरी उसळी घेतो, म्हणून शिकाऊ विमानांना फार चांगला, पण पात्याखाली दबतो आणि दाद देत नाही.

डेप्रॉनसारख्या शीटला एक दिशा असते. आखणी करण्यापूर्वी शीट दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहा. एका बाजूने ती सहज वाकते, दुसऱ्या बाजूने अडते. अडणारी दिशा पंखाच्या लांबीला ठेवा. हे तपासायला काही क्षण लागतात आणि पंखाचा ताठपणा फुकटात वाढतो.

पाचव्या-सहाव्या प्रकारचा फोम समोर आला तर मात्र जपून. पिवळसर, बोटाने घासल्यावर भुगा होणारा पॉलियुरेथेन आणि नखाने सहज न दबणारा, वजनदार पीव्हीसीचा सनबोर्ड, हे दोन्ही पात्याने कापता येतात, पण गरम तारेने कधीही कापू नयेत. तापल्यावर पॉलियुरेथेनमधून आयसोसायनेट आणि हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू निघू शकतात, पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड. फोम कोणता ते कळत नसेल तर काडी लावून वास घेण्याचा प्रयोग करू नका. सरळ पात्याने कापा.

पातं

रोजच्या कामाला ९ मिमी रुंदीचं, तुकडे मोडता येणारं कटर पुरेसं आहे. मोठे सरळ काप आणि जाड शीट यांना १८ मिमीचं बरं, कारण ते वाकत नाही. पात्याच्या टोकाचा कोन पाहून घ्या: नेहमीचं पातं ६० अंशांचं असतं, ३० अंशांचं टोकदार पातंही मिळतं. वळणं आणि आतले कोपरे यांसाठी मी हे टोकदार पातंच वापरतो. बारीक खाचांना ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड उत्तम, फक्त ते त्याच्या हँडलमध्ये बसवूनच वापरा. सुटं ब्लेड चिमटीत धरून काम करू नये.

पातं बदलायचं कधी, हे कानांनी कळतं. ताजं पातं फोममधून जाताना सलग, बारीक ‘सर्र’ आवाज येतो. तो तुटक व्हायला लागला, मध्ये ‘खर्र’ झालं, की टोक गेलं म्हणून समजा. कापलेली कड उजेडाकडे तिरपी धरा. थर्माकोलमध्ये जिथे दाणा कापला न जाता उपटला गेलाय तिथे गोल खळगा दिसतो. असे दोन-तीन खळगे शेजारी दिसले की पुढचा तुकडा मोडायची वेळ झाली. फोम बोर्डाचा कागद तर पात्याची धार फार लवकर खातो. तिथे पात्यांची काटकसर करू नका.

तुकडा मोडताना पातं एकच खूण बाहेर काढा, रेघेची बाजू वर ठेवा, पुढचा तुकडा पकडीत धरा आणि खाली दाबा. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण तुकडा उडू शकतो.

टेबल, पट्टी, हात

खाली कटिंग मॅट हवी. ती नसेल तर जाड पुठ्ठा चालतो, पण त्यातल्या जुन्या चिरा पात्याला आपल्याकडे ओढतात, म्हणून पुठ्ठा वरचेवर बदला. काच वापरू नका. टोक लगेच मरतं आणि पातं घसरतं.

पट्टी स्टीलचीच हवी. प्लॅस्टिकच्या पट्टीची कड पातं सोलतं आणि मग त्यावर चढतं. पट्टीच्या खालच्या बाजूला बारीक पॉलिश पेपरची पट्टी दुतर्फी टेपने चिकटवा. ती फोमवर हलत नाही, आणि हलू नये म्हणून दाबायचीही गरज राहत नाही. दाबलं की मऊ फोमवर पट्टीचा वळ उमटतो.

पट्टी धरणाऱ्या हाताची बोटं पसरून, पट्टीच्या कडेपासून आत ठेवा. अंगठा कडेबाहेर डोकावतो का, हे प्रत्येक कापाआधी पाहा, कारण बहुतेकदा तोच सापडतो. या हातात काप-रोधक हातमोजा घातला तर उत्तम. लांब काप असेल तर एका दमात ओढण्यापेक्षा मध्ये थांबा, पातं जागीच ठेवून पट्टीवरचा हात पुढे सरकवा आणि मग पुढे चला. कापाची रेघ तुमच्या पोटाच्या दिशेने येत असेल तर शीट फिरवा किंवा तुम्ही बाजूला सरका. कटर खाली ठेवण्याआधी पातं आत, ही सवय हाताला लावून घ्या.

आखणी

प्लॅन छापताना प्रिंटरमध्ये आकार १०० टक्के ठेवा. ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला तर सगळं विमान थोडं लहान होतं आणि सर्व्होच्या (विमानाचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरच्या) खाचा जुळत नाहीत. छापल्यावर प्लॅनवरची मापपट्टी खऱ्या पट्टीने मोजा आणि मगच कागद कापा.

कागद फोमवर ठेवून टाचणीने कोपरे टोचा, वळणांवर १ सेंमी अंतराने टोचा, मग कागद उचलून ठिपके जोडा. मऊ पेन्सिल किंवा जेल पेन चांगलं. बॉलपेन फोममध्ये खड्डा पाडतं. कागद चिकटवायचाच असेल तर ग्लू स्टिक वापरा. साधा स्प्रे गोंद पॉलिस्टायरीनला विरघळवू शकतो, आणि नेहमीचा सायनोअ‍ॅक्रिलेट म्हणजे झटपट चिकटणारा गोंद तर त्याला खातोच. दोन्हींच्या ‘फोम-सेफ’ जाती मिळतात, तरी आधी टाकाऊ तुकड्यावर थेंब टाकून पाहा.

एकसारखे दोन भाग हवे असतील तर एक नीट कापा आणि त्याच्यावरून दुसरा आखा. डाव्या-उजव्या पंखांसाठी तुकडा पालथा करायला विसरू नका. कापायच्या आधी प्रत्येक तुकड्यावर ‘डावा, वर’, ‘उजवा, वर’ असं लिहून ठेवा.

सरळ काप

५ मिमीचा फोम बोर्ड घेऊ. पट्टी नेहमी कामाच्या तुकड्यावर ठेवा आणि काप टाकाऊ बाजूला घ्या. पातं घसरलं तरी घसरतं ते टाकाऊ भागात.

पातं शीटपासून साधारण ३० अंशांवर झोपवा. उभं धरलेलं टोक फोमला पुढे ढकलत जातं. झोपवलेली धार त्याला सुरीसारखी चिरत जाते. या कोनात ५ मिमी जाडी पार करायला १० मिमी धार लागते, म्हणून पातं १५ मिमीच्या आसपास बाहेर काढा. त्याहून जास्त काढलं तर ते वाकतं.

पहिल्या फेरीत फक्त वरचा कागद कापायचा. कटरचं वजन आणि वर बोटाचा नुसता आधार, बस. ही फेरी म्हणजे पुढच्या फेऱ्यांची वाट आहे, तिच्यात घाई नको. दुसऱ्या फेरीत त्याच चिरेतून फोम कापा. तिसरीत खालचा कागद. कागद कुठे अडला असेल तर ओढून तोडू नका, कारण त्याच्याबरोबर फोमचा लचका येतो; चौथी फेरी घ्या. नुसता डेप्रॉन असेल तर ३ मिमीला दोन फेऱ्या पुरतात, ६ मिमीला तीन.

आता पात्याचा आडवा कल. वरून सरळ दिसणारं पातं बाजूला कललेलं असू शकतं. ६ मिमी जाडीत कल अवघा ५ अंश असला तरी खालची कड अर्धा मिलिमीटर सरकते. दोन अशा कडा जोडल्या की फट दुप्पट. यावर उपाय म्हणजे पात्याची सपाट बाजू पट्टीच्या कडेला टेकवून चालणं आणि मनगट गोठवून हात खांद्यापासून मागे नेणं. उभं राहून कापलं तर हे आपोआप जमतं. बसून कापताना कोपर आडवं येतं.

वळणं, कोपरे, भोकं

बाहेरच्या वळणावर आधी टाकाऊ बाजूला मोठे तिरपे तुकडे उडवून टाका, रेघेपासून २–३ मिमी बाहेर थांबा आणि उरलेली कड पॉलिश पेपरने रेघेवर आणा. पात्याने एकाच दमात गोलाई साधायचा हट्ट मला पटत नाही. वळताना पातं पिळवटतं आणि कड आत-बाहेर होते.

आतला कोपरा, उदाहरणार्थ सर्व्होची खाच, नेहमी कोपऱ्याकडून बाहेर कापा. टोक कोपऱ्यात उभं टोचा, मध्यापर्यंत या. मग समोरच्या कोपऱ्यातून तसंच. कोपऱ्याकडे कापत गेलं की पातं पुढे निसटतं आणि तिथूनच उडताना चीर वाढते. कार्बन ट्यूबसाठी गोल भोक हवं असेल तर त्याच बाहेरच्या व्यासाची पातळ पितळी नळी घ्या, तिच्या तोंडाला आतून धार करा आणि फोमवर हलकेच फिरवत उतरवा. ड्रिलचं बिट इथे दाणे उपटतं.

अर्धा काप आणि बिजागरी

फोम बोर्डाची गंमत इथे आहे. वरचा कागद आणि फोम कापून खालचा कागद शाबूत ठेवला की तीच एलेरॉनची, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेवरच्या हलत्या पट्टीची, बिजागरी. खालच्या कागदाला पातं लागू नये म्हणून शेवटची फेरी बोथट वस्तूने घ्या, बंद बॉलपेनच्या टोकाने किंवा पट्टीच्या कोपऱ्याने, आणि मग शीट हळूच मागे दुमडा.

एलेरॉनला खाली जायला जागा हवी, म्हणून त्याची कड ४५ अंशांत तिरपी करायची. पात्याने करायची असेल तर तुकडा टेबलाच्या कडेशी आणा, पातं लांब काढा आणि टेबलाची कड वाटाड्यासारखी वापरा. पण खरं तर ठोकळ्यावर लावलेल्या पॉलिश पेपरने हे काम जास्त नेमकं होतं. ठोकळ्याची एक बाजू ४५ अंशांत कापून घेतली की दोन्ही एलेरॉन तंतोतंत सारखे उतरतात. डेप्रॉनला कागद नसल्यामुळे बिजागरी टेपची करावी लागते; तिथेही हीच तिरपी कड लागते.

पायरीच्या पंखासाठी कड किती स्वच्छ हवी तेही सांगतो. रिचर्ड क्लाइन आणि फ्लॉइड फोगलमन यांनी पंखाच्या पृष्ठावर पायरी ठेवण्याच्या कल्पनेचं पेटंट १९७२ मध्ये मिळवलं. फोमवाल्यांनी ती आपलीशी केली, कारण दोन शीट एकावर एक चिकटवल्या की पंख तयार, गरम तार नको. वरची शीट पंखाच्या रुंदीच्या निम्म्यावर थांबते. ती पायरी संपूर्ण लांबीत सरळ आणि उभी हवी. एकीकडे गोलसर आणि दुसरीकडे धारदार झाली तर दोन्ही पंख सारखे वागतील याची खात्री नाही. मी ही कड नव्या पात्यानेच कापतो आणि तिला पॉलिश पेपर लावत नाही.

गरम तार

जाड ठोकळ्यातून एअरफॉइलचा, म्हणजे पंखाच्या छेदाचा, आकार काढायचा असेल तर पात्याचं काम संपतं. इथे लागते नायक्रोमची (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची) तार. पॉलिस्टायरीन १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ व्हायला लागतो. तार त्याहून बरीच गरम, पण कधीही लाल नाही. तार लाल दिसली की फोम वितळण्याऐवजी जळतो, धूर होतो आणि काप रुंद होत जातो.

हिशेब समजून घ्या, कारण गोंधळ इथेच होतो. ०.४ मिमीच्या नायक्रोम तारेचा रोध मीटरला सुमारे ८.८ ओहम. ५० सेंमी तार म्हणजे ४.४ ओहम. १२ व्होल्ट दिले तर २.७ अँपिअर, सुमारे ३३ वॅट. ही उष्णता ५० सेंमीवर पसरते आणि काम छान होतं. तेच १२ व्होल्ट २५ सेंमीच्या तुकड्याला दिले तर प्रत्येक सेंटिमीटरवरची उष्णता चौपट होते आणि तार लालभडक होते. म्हणून तार बदलली की व्होल्टेज पुन्हा खालून वाढवत आणा, ५ व्होल्टपासून.

वीज फक्त कमी व्होल्टेजच्या, मेन्सपासून (घरच्या विजेपासून) वेगळ्या केलेल्या, बदलता येणाऱ्या पॉवर सप्लायमधून घ्या. भिंतीवरच्या सॉकेटची वीज डिमरमधून थेट तारेला देणारे जुगाड पाहायला मिळतात. त्यात उघडी तार मेन्सला जोडलेली राहते आणि तिला हात लागणं जिवावर बेतू शकतं. विमानाची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीही सरळ जोडू नका. तार कुठे टेकून शॉर्ट झाली तर बॅटरी पेट घेऊ शकते. स्विच दाबून धरायचा असावा, बोट उचललं की वीज बंद.

तारेला स्प्रिंगचा ताण हवाच. ३०० अंशांनी तापल्यावर ५० सेंमी तार सुमारे २ मिमी लांबते. ताण नसेल तर ती मध्ये झोळ खाते आणि पंखाचा मधला भाग जाड-बारीक होतो.

पंख कापण्याची माझी पद्धत अशी:

१. मुळाचा (पंख विमानाला जुळतो तिथला) आणि टोकाचा साचा सनमायका किंवा पातळ प्लायचा करा. कडा बारीक पॉलिश पेपरने इतक्या गुळगुळीत करा की नख अडकू नये. नख अडलं तर तारही अडेल.

२. दोन्ही साच्यांवर पुढून मागे सारख्या संख्येने खुणा करा, समजा १० भाग, आणि अंक लिहा. मुळाकडचा भाग लांब, टोकाकडचा आखूड. तार दोन्हीकडे ‘चार’ वर एकाच वेळी पोचली पाहिजे.

३. साचे ठोकळ्याच्या दोन टोकांना टाचण्यांनी पक्के करा. वर सपाट वजन ठेवा.

४. दोघांनी कापा. मुळाकडचा माणूस अंक मोठ्याने म्हणेल, टोकाकडचा त्याच अंकाबरोबर चालेल. सेकंदाला २–३ मिमी वेग मला सोयीचा वाटतो.

५. तार साच्याला टेकलेली ठेवा, दाबू नका. मधला भाग नेहमी थोडा मागे राहतो. म्हणून कापाच्या शेवटी लगेच बाहेर ओढू नका, मधली तार पोचू द्या.

६. आधी वरचा पृष्ठभाग, मग खालचा. ठोकळ्याचे उरलेले दोन भाग टाकू नका. पंख चिकटवताना आणि ठेवताना तेच त्याचे अचूक पाळणे असतात.

तारेचा वेग बरोबर आहे का, हे टाकाऊ तुकड्यावर कळतं. तार मागे बारीक धागे सोडत सहज सरकली तर ठीक. कड काचेसारखी चकचकीत आणि खोल गेली तर तार फार गरम किंवा हात फार हळू. तार धनुष्यासारखी वाकली तर थंड आहे. ढकलू नका, व्होल्टेज थोडं वाढवा. टोकाकडचा भाग आखूड असल्यामुळे तिथे तार हळू चालते आणि फोम जास्त वितळतो. फार निमुळत्या पंखांत हा फरक डोळ्यांना दिसतो. ईपीपीला पॉलिस्टायरीनपेक्षा तार थोडी जास्त गरम लागते आणि धागेही जास्त निघतात.

धुराची गोष्ट हलक्यात घेऊ नका. तापलेल्या पॉलिस्टायरीनमधून स्टायरीनची वाफ निघते. डोळे चुरचुरतात, डोकं दुखतं. उघड्यावर कापा किंवा खिडकीशी, पंखा असा लावा की वारा तुमच्या पाठीकडून येऊन धूर बाहेर नेईल. धुळीसाठीचा एन-९५ मास्क ही वाफ अडवत नाही, त्याला सेंद्रिय वाफांचा कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. शेजारी पाण्याची बादली, जवळपास भुग्याचा ढीग नाही, आणि सिंथेटिक हातमोजे नाहीत, कारण ते वितळून कातडीला चिकटतात. आग लागलीच तर आधी वीज तोडा, मगच पाणी टाका.

कड साफ करणं

सपाट ठोकळ्यावर २२० नंबरचा पॉलिश पेपर लावा आणि एकाच दिशेने, हलक्या हाताने घासा. पुढे-मागे घासलं की थर्माकोलचे दाणे उपटतात. भुगा अंगाला चिकटतो आणि श्वासातही जातो, इथे मात्र धुळीचा मास्क कामाचा. बारीक खळगे हलक्या फिलरने बुजवा, पण फार थोडे. मागच्या भागात वाढवलेल्या प्रत्येक ग्रॅमची भरपाई नाकात कितीतरी जास्त वजन घालून करावी लागते.

लागलंच तर

पातं लागलं तर स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि हात उंच ठेवा. रक्त थांबत नसेल किंवा बोट हलवताना बधिर वाटत असेल तर दवाखाना गाठा. तारेने भाजलं तर किमान २० मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा, चिकटलेला वितळलेला फोम ओढून काढू नका. लहान मुलं सोबत विमान बनवत असतील तर त्यांना आखणी, टोचणं आणि पॉलिश पेपरची कामं द्या. पातं आणि तार मोठ्यांनी हाताळावी.

मोडलेले तुकडे झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका. झाकणाला तुकडा जेमतेम जाईल एवढी चीर पाडा आणि झाकण टेपने बंद करा. डबा भरला की तो न उघडता, वर ‘धारदार पाती’ असं लिहून कचऱ्यात वेगळा द्या.